धरमपेठेतलं जुनं घर: मूळचं किती, नंतरचं किती?

निंबोणी

नमस्कार. नागपूरच्या धरमपेठेतलं आमचं घर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलं. आता त्याचे तीन वाटेकरी आहेत: आम्ही, मोठे दीर आणि पुण्याच्या नणंदबाई. एका बिल्डरचा प्रस्ताव आला आहे. दिरांचं म्हणणं, पाडून फ्लॅट घेऊ. नणंदबाईंचा जीव घरात अडकला आहे. मला दोघांचंही पटतं. म्हणूनच निर्णयाआधी एक गोष्ट नीट कळावी असं वाटतं: आपण जे पाडायचं किंवा राखायचं म्हणतो आहोत, ते नेमकं आहे काय?

घर पश्चिममुखी आहे. समोरून कुणीही पाहिलं तर पंचाहत्तर-ऐंशी सालचं म्हणेल. सपाट स्लॅब, लोखंडी चौकटीच्या खिडक्या, पुढे गाडीसाठी पोर्च. पण हॉल ओलांडून मधल्या खोलीत गेलं की सगळंच बदलतं. भिंती एकदम जाड होतात, छत उंच जातं, पायाखाली काळ्या काठाची लाल फरशी येते. त्या खोलीचं छत लोखंडी गर्डरवर विटांच्या बुटक्या कमानी बांधून केलेलं आहे. मागे कवेलूंचं (कौलांचं) स्वयंपाकघर होतं, त्याचा आता स्टोअर झाला. वर दोन खोल्या, गोलाकार बाल्कनी, तिच्या जाळीत उगवत्या सूर्याची नक्षी. जिना मात्र बाहेरून, उत्तरेच्या बाजूने. घरातून वर जायला वाटच नाही, आणि हे मला लग्न होऊन आल्यापासून कोड्यात टाकतं.

घरातल्या मोठ्यांना विचारलं तर "आधीपासूनच असं आहे" एवढंच उत्तर मिळतं. जाणकारांनी सांगावं, कोणता भाग कधीचा हे कसं ओळखायचं?

मुरूमकाका

निंबोणीताई, मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस. तुमचं वर्णन वाचून बरं वाटलं, कारण पाहायचं कुठे हे तुम्हाला आधीच कळलं आहे. भिंतीची जाडी बदलली की समजायचं, आपण एका काळातून दुसऱ्या काळात शिरलो.

पहिलं काम टेप घेऊन करा. गिलाव्यासकट पंधरा इंचांच्या आसपास भरली तर ती दीड विटेची भिंत, मूळ घराची. दहा-साडेदहा इंच भरली तर एका विटेची. साडेपाच-सहा इंच म्हणजे अर्ध्या विटेचा पडदा, तो हमखास नंतरचा. प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर लिहा. अर्धं घर तिथेच उलगडतं.

दुसरं, जिथे पोपडा आधीच निघाला आहे तिथे किल्लीने ओरखडा काढून पाहा. चुन्याचा गिलावा सहज खरवडला जातो, त्यात पांढरे खडे आणि बहुतेक वेळा सुर्खीचा, म्हणजे विटांच्या भुकटीचा, लालसर चुरा दिसतो. सिमेंटचा गिलावा करडा, किल्लीला दाद देत नाही. मुद्दाम चांगली भिंत फोडू नका.

तिसरं, गर्डरच्या कडेवर उठावाची अक्षरं शोधा. जुन्या गर्डरवर कारखान्याचं नाव असतं. विलायती असेल तर डॉरमन लाँगसारखं नाव दिसेल, देशी असेल तर टाटांचं टिस्को. कवेलूंच्या खालच्या बाजूलाही छाप असतो, मागच्या स्टोअरचं एखादं निखळलं असेल तर पालथं करून पाहा.

चौथं, घरात जुन्या पेट्या असतील तर नकाशा शोधा. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा असतील तर ती जुनी ब्ल्यूप्रिंट. पांढऱ्या कागदावर निळ्या-जांभळ्या रेघा म्हणजे अमोनिया प्रिंट, ती बहुधा नंतरच्या वाढीव बांधकामाची. मापं फुटांत आहेत की मीटरमध्ये, तेही बघा. मेट्रिक मापं 1958 पासून टप्प्याटप्प्याने आली.

जुना धरमपेठकर

बाहेरच्या जिन्याबद्दल मी सांगतो. आमच्या गल्लीत असे जिने घरटी होते.

नागपूर तेव्हा राजधानी होतं. आधी मध्यप्रांत आणि वऱ्हाडची, मग 1950 पासून मध्य प्रदेशाची. सचिवालय इथे, हायकोर्ट इथे. बदलून येणारा कारकून, मास्तर, वकील, सगळ्यांना घर पाहिजे आणि घरं तर कमी. 1936 च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला, आखीव ले-आउट पडू लागले. तरी माणसं जास्त आणि खोल्या कमी अशीच गत होती. ज्याचं घर झालं त्याने वर दोन खोल्या काढल्या आणि भाडेकरू ठेवला. भाडेकरूने आपल्या ओसरीतून ये-जा करू नये म्हणून जिना बाहेरून. तुमच्या वरच्या खोल्यांत एका कोपऱ्यात मोरी आणि दुसऱ्या कोपऱ्यात ओटा असेल तर माझं म्हणणं पक्कं समजा.

पुढची गोष्ट तरुण मंडळींना ठाऊक नसते. 1949 साली मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश निघाला. घर रिकामं झालं की मालकाने सरकारला कळवायचं, आणि सरकार ते आपल्या नोकराला देऊ शकत होतं. भाडेकरूला काढायचं तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी. हा आदेश विदर्भात 2000 सालापर्यंत चालला, 1999 चा महाराष्ट्राचा कायदा लागू झाला तेव्हा तो संपला. पन्नास वर्षं! या काळात कित्येक मालकांनी मोठ्या खोलीत पडदी घातली, व्हरांडा बंद करून आपल्याच मुलांसाठी खोली केली, कारण वरच्या खोल्या हाती येत नव्हत्या. लोक म्हणतात मालकाने हौसेने घराची मोडतोड केली. हौस कसली जी, घरातल्या घरात जागा पुरवायची होती.

मग 1956 आलं. 1 नोव्हेंबरला राजधानी भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला, आपल्याकडे मुंबईच्या हायकोर्टाचं खंडपीठ राहिलं. गल्लीतली कितीतरी बिऱ्हाडं सामान बांधून गेली. तुमच्या वरच्या खोल्यांत त्या सुमारास कोण राहत होतं, हे दिरांना विचारा. घराचा इतिहास भाडेकरूंच्या आडनावांतूनही लागतो.

सावलीचा नकाशा

मी वास्तुविशारद आहे, कामं बहुतेक विदर्भातच. काकांनी दगड-विटांचं सांगितलं, मी उन्हाचं सांगते. नागपुरात घर वाचायचं तर ऊन सोडून चालत नाही. 23 मे 2013 ला आपल्याकडे 47.9 अंशांची नोंद झाली आहे.

तुमचा हॉल हा मूळचा व्हरांडा होता याबद्दल मला फारशी शंका नाही. पश्चिममुखी घर, पुढे व्हरांडा, त्यावर उतरतं कवेलूंचं छप्पर: दुपारचं तिरपं ऊन त्या छपराखाली अडायचं आणि जाड भिंतीपर्यंत पोचायचंच नाही. उन्हाळ्यात व्हरांड्याला वाळ्याची ताटी लावायची, तिच्यावर पाणी मारायचं. पंधरा इंची भिंत दिवसभराची धग आत यायला इतका उशीर करते की तोवर संध्याकाळ होते आणि माणसं अंगणात खाटा टाकतात. वर झरोके असतात, दोरीने उघडायचे. तापलेली हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. अशी ती सगळी एक व्यवस्था होती.

व्हरांडा बंद झाला तेव्हा त्या व्यवस्थेचं टोकच तुटलं. आता ऊन थेट तुमच्या हॉलच्या एकविटी भिंतीवर आणि पातळ स्लॅबवर पडतं. हॉल रात्री अकरापर्यंत भाजत असेल. आणि हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीत कूलर असेल, त्याच्या खालच्या भिंतीला पांढरे क्षार फुटलेले असतील. बरोबर ना?

आणखी एक. आपण 21 अंश अक्षांशावर आहोत. 26 मेला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो माध्यान्हीला किंचित उत्तरेकडे असतो, आणि मावळतो तो वायव्येला. म्हणून नवतप्यात, मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, उत्तरेची भिंतसुद्धा तापते. जुन्या गवंड्यांनी उत्तरेच्या खिडक्यांवरही सज्जा दिला तो उगाच नाही. तुमचा बाहेरचा जिना उत्तरेला आहे, म्हणजे भाडेकरूच्या सोयीबरोबर त्याने त्या भिंतीवर सावलीही धरली असणार.

हॉलमध्ये एक करून पाहा. फरशीवर गोटी ठेवा आणि ती कुठे घरंगळते ते सांगा.

निंबोणी

सगळ्यांचे मनापासून आभार. दिरांनाही टेप धरायला लावलं आणि ते रमले.

गोटी रस्त्याच्या दिशेने गेली. टाइल्स बसवल्यावरही उतार तसाच आहे! व्हरांड्यातलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणूनच तो ना?

हॉलमध्ये पीओपीचं फॉल्स सीलिंग आहे, त्यातली एक फळी उतरवून टॉर्च मारली. मधल्या जाड भिंतीवर एक आडवी रेघ स्पष्ट दिसते, रेघेच्या वर गिलावा वेगळा, खाली वेगळा. तिच्या वर दोन झरोके आहेत, काच रंगवून बंद केलेली, पण दोरीची कडी अजून तिथेच. आमच्या सासूबाईंना हे झरोके आठवतच नाहीत, म्हणजे ते बुजवून बराच काळ झाला असेल.

गर्डरवर टिस्को आहे. वर मोरीही आहे आणि ओटाही. भाडेकरूचं आडनाव दिरांना आठवलं, सचिवालयात होते, ते कुटुंब भोपाळलाच गेलं.

ट्रंकेत नकाशा मिळाला. निळा कागद, पांढऱ्या रेघा, मापं फुटांत, प्रन्यासाचा शिक्का. सालाचा कोपरा फाटला आहे. त्यात वरचा मजला नाहीच. पुढे खांबांचा व्हरांडा, मागे वेगळं स्वयंपाकघर आणि अगदी मागच्या गल्लीला लागून संडास.

एक काळजीची गोष्ट. हॉल आणि मधली खोली जिथे मिळतात तिथे वरपासून खालपर्यंत उभी भेग आहे. मे महिन्यात तिच्यात खिळा जाईल एवढी, पावसाळ्यानंतर जवळपास दिसत नाही. दरवर्षी दिवाळीत लांबी (पुट्टी) भरून रंग देतो, उन्हाळ्यात पुन्हा उघडते. बिल्डरच्या माणसाने हीच भेग दाखवून घर धोकादायक आहे असं सांगितलं.

मुरूमकाका

ताई, आधी तारखा बसवू, मग भेगेकडे येऊ.

टिस्कोचं पोलाद 1912 पासून निघू लागलं. म्हणून त्या अक्षरांवरून घर त्यानंतरचं एवढंच ठरतं. प्रन्यासाच्या शिक्क्याने ती खालची मर्यादा 1936 च्या पुढे सरकवली. नकाशात वरचा मजला नाही आणि भाडेकरू 1956 ला गेले, म्हणजे वरच्या खोल्या या दोन टोकांच्या मध्ये झाल्या. गोल बाल्कनी आणि उगवत्या सूर्याची जाळी त्याच काळाची फॅशन. आडवी रेघ ही व्हरांड्याच्या छपराची. वास्तुविशारद ताईंनी उन्हावरून जे ताडलं ते भिंतीने कबूल केलं.

हॉल 1982 च्या आधीचा असेल असा माझा अंदाज आहे. तोवर सिमेंटवर पूर्ण नियंत्रण होतं, परमिटवर पोती मिळायची. मिळालेलं सिमेंट लोक स्लॅबसाठी राखून ठेवत आणि भिंती चुन्यात किंवा चक्क मातीत उचलत. हॉलच्या भिंतीत करड्या गिलाव्यामागे माती निघाली तर घाबरू नका, त्या काळाची ती रीतच होती. खांब पाडले नसतील, भिंतीतच गाडले असतील. बोटांनी ठोकत गेलात तर ठराविक अंतरावर आवाज बदलेल.

आता भेग. आपल्या पश्चिम नागपुरात वर काळी माती, खाली मुरूम. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जमिनीला भेगा पडतात. मूळ घर बांधणाऱ्याने पाया मुरुमापर्यंत नेला असणार. व्हरांड्याच्या कडेचा पाया मात्र फक्त खांब आणि कवेलूंच्या वजनाचा, उथळ. हॉल करताना भिंत आणि स्लॅब त्याच उथळ पायावर उभे केले. शिवाय नवी भिंत जुन्या भिंतीत दात पाडून गुंफलेली नसते, नुसती टेकवलेली असते. त्यामुळे पावसाळ्यात हॉल उचलला जातो, उन्हाळ्यात बसतो, मूळ घर जागचं हलत नाही. सांधा उघडतो आणि मिटतो.

जी भेग ऋतूबरोबर उघडझाप करते ती मातीची हालचाल सांगते. जी दरवर्षी वाढतच जाते, तिरपी होते, दाराच्या कोपऱ्यातून निघते, ती वेगळी. तुमची कोणती हे पाहायला भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि तारीख लिहा. तोवर लांबी भरणं बंद. कडक लांबी भरली की पावसाळ्यात मिटायला जागा उरत नाही आणि बाजूची वीट फुटते.

माझी खरी काळजी गर्डरच्या टोकांची आहे. गर्डर भिंतीत शिरतो तिथे ओल असेल तर गंज चढतो, गंज फुगतो आणि भिंतीला आतून तडे देतो. कूलरचं पाणी, गच्चीची तुंबलेली पन्हाळ, न्हाणीची ओल, यांतलं काही त्या टोकांपाशी आहे का हे एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. बिल्डरने आणलेला नको, तुम्ही पैसे दिलेला. वरच्या मजल्याचं वजन त्या गर्डरवर किती आणि भिंतींवर किती, हेही त्याने मोजलं पाहिजे.

कन्हान रेती

मी ठेकेदारी करतो, जुनी घरं पाडतो आणि नवीनही बांधतो. दुसरी बाजू मांडू द्या. तीन वाटेकरी आणि एक जिना, अशा घराची दुरुस्ती कोणी करायची यावरूनच भांडणं होतात. मेट्रोच्या दोन्ही अंगांना वाढीव एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल याचं प्रमाण) मिळतो, प्लॉट त्यात बसत असेल तर जागेची किंमत घराच्या कितीतरी पट. आणि रस्ता पाहा. सिमेंट रोड झाले, रस्ते वर आले, जुनी जोती खाली गेली. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा खाली गेलेल्या घरांचे हाल मी स्वतः उपसले आहेत. घरावर प्रेम असलं तरी म्हाताऱ्या माणसांना दरवर्षी पाण्याच्या भीतीत ठेवायचं का, हा प्रश्न मी प्रत्येक मालकाला विचारतो.

कागदही आधी पाहा. प्रन्यासाचे आणि नझूलचे (सरकारी जमिनीचे) कितीतरी प्लॉट 30 वर्षांच्या पट्ट्यावर आहेत. नूतनीकरण झालं का, आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) कोणाची नावं चढली, बाहेरचा जिना आणि हॉल मंजूर नकाशात आहेत का, हे न बघता बिल्डरच्या कागदावर सही करू नका. पाडायचं ठरलं तरी हेच लागणार, राखायचं ठरलं तरी हेच.

सावलीचा नकाशा

कन्हान रेती यांचा पाण्याचा मुद्दा खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. निंबोणीताई, मूळ नकाशात जोत्याच्या पायऱ्या किती दाखवल्या आहेत आणि आज किती उरल्या, ते मोजा. एखादी तरी उरली असेल तर फाटकाशी उंबरठा आणि आडवी नाली करून भागतं. रस्ता जोत्याच्या वर गेला असेल तर गोष्ट गंभीर आहे.

पण घर म्हणजे सगळं किंवा काहीच नाही, असं नाही. माझं मत स्पष्ट सांगते. मधल्या खोल्या आणि वरच्या दोन खोल्या हे घराचं बळ आहे. त्यांतलं छत, लाल फरशी, ती जाळी आज पैसे देऊनही तशी होणार नाही. मागचं स्वयंपाकघर दुरुस्तीलायक असेल तर ठेवा. हॉल मात्र राखण्याचा अट्टहास मी करणार नाही. तो गरजेपोटी झाला, ती गरज संपली. त्याचा स्लॅब उतरवून गाडलेले खांब मोकळे केले आणि पुन्हा हलकं कवेलूंचं छप्पर टाकलं, तर उथळ पायावरचं ओझं जाईल, भेगेचा त्रास आटोक्यात येईल आणि पश्चिमेची सावली परत मिळेल. तीन तक्रारींचं मूळ एकच आहे.

जुना धरमपेठकर

माझं थोडं वेगळं मत. हॉलमध्येही त्या घरची चाळीस-पन्नास वर्षं गेली आहेत. तिथे लग्नं ठरली, तिथे टीव्ही आला. नकाशातलं घर तेवढं खरं आणि माणसांनी वाढवलेलं खोटं, असं मला मान्य नाही. स्लॅब काढायचा तर मातीमुळे आणि उन्हामुळे काढा, तो उपरा आहे म्हणून नको.

सावलीचा नकाशा

धरमपेठकर काका, मान्य. मी कारण म्हणून माती आणि ऊनच धरते. आणि काढण्याआधी हॉलचंही मोजमाप, फोटो, खिडक्यांची रेखाटनं व्हावीत. मूळ भागाइतकीच काळजीने.

निंबोणी

पायऱ्या मोजल्या. नकाशात तीन, आज एक पूर्ण आणि दुसरीचा थोडा भाग. गर्डरच्या टोकांसाठी आमचा स्वतःचा इंजिनिअर बोलावण्यावर तिघांचं एकमत झालं. अहवाल हातात येईपर्यंत बिल्डरला थांबायला सांगितलं आहे. आखीव पत्रिकेचं काम दिरांनी घेतलं. काचेची पट्टी आज लावली, तारीख नणंदबाईंनी फोनवरून सांगून लिहून घेतली.

एक राहिलं. मधल्या खोलीत कुणीतरी खालच्या तीन फुटांना सिमेंटचा गिलावा केला आहे आणि ओल आता त्याच्या वर चढली आहे. तो काढून चुन्याचा करायचा तर गवंडी कसा पारखायचा आणि काम कधी करायचं?

मुरूमकाका

सिमेंटचा थर भिंतीतली ओल बाहेर सोडत नाही, म्हणून ती वर चढते. तो हलक्या हाताने, छिन्नी तिरपी धरून काढायचा. ब्रेकर लावायचा नाही, विटेचा चेहरा निघून येतो. काढल्यावर भिंत उघडी ठेवून वाळू द्यावी आणि क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत, पाण्याने धुऊ नयेत.

गवंड्याला एकच विचारा: चुना किती दिवस भिजत ठेवणार? "आज कालवून उद्या लावतो" म्हणाला तर नमस्कार करा. विरवलेला चुना पाण्याखाली निदान काही आठवडे तरी मुरला पाहिजे. मग एक भाग चुना, दोन ते तीन भाग रेती आणि सुर्खी. पातळ थर द्यायचे, एक घट्ट झाला की दुसरा, आणि ओलं गोणपाट लावून सावकाश सुकू द्यायचं. उन्हाळ्यात हे काम धरू नका, चुना नुसता वाळतो, धरत नाही. पावसाळा सरून भिंत कोरडी झाली की दिवाळीनंतर सुरुवात करा आणि होळीच्या आत संपवा. म्हणजे चुना भिजत घालायचा तो दसऱ्यालाच. इंजिनिअरचा अहवाल आला की गर्डरच्या टोकांचे फोटो इथे टाका, मग पुढचं बोलू.